दाजींच्या मांडणीतली अकरावी फळी

रिकामी जागा दिसली की ज्याच्या पोटात दुखतं असा माणूस कडेगावपासून सांगलीपर्यंत शोधला असता तर एकच सापडला असता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. वीस वर्षं पलटणीच्या स्टोअरमध्ये काढून दाजी पेन्शनीत आले होते. बंदूक त्यांनी किती वेळा उडवली ते मला माहीत नाही, पण ब्लँकेटं मोजायची, घड्या घालायच्या, चिठ्ठी लावून ठेवायची ही सवय त्यांच्या हातात अशी बसली होती की लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते पत्रावळीवरची भजी एकावर एक रचून भाताला जागा करत. वाढप्याला वाटे यांना भजी नकोत. "जिला जागा न्हाई ती वस्तू घरात न्हाई," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि तसं म्हणाले की आम्ही सगळे आपापल्या वस्तू गुपचूप उचलून घेत असू.

मी त्या घरात कशी आले ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल. माझे मालकही पलटणीत होते. लढाईत नाही, तापानं गेले. मागं एक काळी पत्र्याची ट्रंक आली. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर लिहिलेला होता. सासर वडूजकडचं. तिथं वर्षभरानं मला सांगितलं की आता तू माहेरी जा. माहेरी आईबाप नव्हते, म्हणून ट्रंक घेऊन मी आक्काकडे आले. गावातल्या बायका बघायला जमल्या, तेव्हा एकीनं दाजींना विचारलं, किती दिवसांसाठी आल्यात पाहुण्या? दाजी म्हणाले, "घरात वस्तूला जागा लागती, माणसाला लागत न्हाई. माणूस कुठंबी मावतंय." हे ते माझ्या बाजूनं बोलले, आणि त्या दिवशी मला ते फार गोड लागलं. पुढं तेच वाक्य मला दोन वर्षं टोचत राहिलं.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी दाजींनी सांगलीहून लोखंडी मांडणी आणली. मांडणी म्हणजे तेव्हा मांडणी नव्हतीच. भोकं पाडलेल्या लांब पट्ट्यांचा एक भारा, पत्र्याच्या पाच फळ्या आणि कापडी पिशवीत नटबोल्ट. एस.टी.च्या टपावरून भारा खाली उतरला तेव्हा स्टँडवरच्या लोकांनी कुणी मांडव म्हटलं, कुणी कोंबड्यांचा खुराडा. सोबत एक चित्राचा कागद होता. दाजींनी तो कागद एकदा बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला, कारण पलटणीत त्यांनी असल्या शंभर मांडण्या उभ्या केल्या होत्या. उजेड चांगला म्हणून अंगणात बसून दिवसभर त्यांनी ती जोडली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग ती दारातून आत जाईना. सरळ जाईना, आडवी जाईना, तिरकी जाईना. आक्का उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "आवं, आता घरच तिच्यात घाला." एकेक नट सोडवून दाजींनी मांडणी पुन्हा मोकळी केली आणि आत नेऊन पुन्हा जोडली. नारळ मात्र दुसरा फोडला नाही.

पाच फळ्यांवर घर मांडून झालं, महिनाभर सुखात गेला. मग एक दिवस दाजी मांडणीसमोर पाट घेऊन बसले आणि डब्यांच्या वरची मोकळी जागा वितीनं मोजू लागले. "ही हवा कुणासाठी ठिवलीया?" त्यांनी आक्काला विचारलं. "हवेला फळी कशापायी?" त्या पट्ट्यांना वरपासून खालपर्यंत भोकं होती, आणि दाजींच्या मते भोक पाडलं म्हणजे तिथं फळी टाका असं कारखानदारानं सांगितलेलंच असतं. मग गोड्या तेलाचे डबे कापून, ठोकून सपाट करून, कडा कानशीनं घासून त्यांनी सहावी फळी केली. मग सातवी. होता होता दहा झाल्या. दोन फळ्यांत पुरती वीतसुद्धा उरली नाही. फळ्या दुप्पट झाल्या आणि ठेवायची जागा निम्मी राहिली, पण हे त्यांना सांगणार कोण? आक्काचे पितळी डबे आडवे निजले. लोणच्याची बरणी फळीत मावेना म्हणून दाजींनी लोणचं चार बुटक्या बाटल्यांत भरलं, त्यातल्या तीन बाटल्यांना बुरशी आली. कंदील उभा राहीना म्हणून तोही आडवा ठेवला, तर रॉकेल गळून खालच्या पिठात गेलं. दोन दिवस आम्ही रॉकेलच्या वासाच्या भाकरी खाल्ल्या. दाजींनी सगळ्यांत जास्त खाल्ल्या. पलटणीत याच्याहून वाईट खाल्लंय, आणि चूक फळीची नसून कंदिलाच्या उंचीची आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

प्रत्येक फळीच्या कडेला त्यांनी पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं. पीठ, मीठ, डाळी अशा काही फळ्या, आणि बाकीच्या माणसांच्या. एक आक्काची. एक त्यांच्या म्हाताऱ्या आईची, तिच्यावर तिची मिश्रीची डबी आणि चष्मा. एक त्यांची स्वतःची, पेन्शनीच्या कागदांची. आणि एक म्हशीची. तिच्यावर दावं, शिंगांना लावायचं तेल आणि पोट फुगलं तर पाजायची नळी. मी रोज सकाळी ती मांडणी पुसत असे. पुसताना सगळी नावं वाचून होत. चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं. म्हशीला फळी होती. माझी ट्रंक गोठ्याच्या भिंतीला पोत्याखाली होती. कुणाची तक्रार करावी? त्या घरात मला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं, ताटात कधी कमी वाढलं नव्हतं. मला फळीवर ठेवायचं तरी काय होतं? दोन लुगडी, मालकांची लोकरीची जर्सी, पत्रं, एक फोटो. पण त्या मांडणीत माझं नाव आलं म्हणजे मी पाहुणी नाही असं ठरेल, असं माझ्या मनानं घेतलं होतं. दोन वर्षं मी फळी मागायचं वाक्य जमवत होते.

शेवटी एकदा दाजी कानस घासत बसले होते, आवाजात आपलं बोलणं बुडालं तर बुडू दे, असा विचार करून मी म्हटलं, "दाजी, मला एक फळी मिळंल का?"

ते थांबले. कानस खाली ठेवली, कपाळावर हात मारला. "धाकल्या बाई, आतापतूर बोलला न्हाई व्हय? माझ्या ध्यानातच न्हाई." त्यांचा चेहरा खरोखर उतरला. स्टोअरच्या माणसानं एक नग मोजायचा विसरावा, तसा.

दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी उसात भांगलायला गेलो होतो. परत येताना वेशीपासूनच ठोकल्याचा आवाज येत होता. मला मनातून हसू येत होतं, चाल आपोआप भरभर पडत होती. घरात आले तर मांडणीच्या अगदी तळाशी, जमिनीपासून मांजर बसेल एवढ्या उंचीवर, अकरावी फळी बसवून झाली होती. तिला हिरवा रंग लावलेला आणि कडेला माझं नाव. शाळेच्या पटानंतर माझं नाव कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. फळीवर माझी लुगडी, जर्सी, पत्रं, फोटो, सगळं नीट घड्या घालून मांडलेलं. मग मला कळलं की या वस्तू ट्रंकेत होत्या. मी गोठ्याकडे गेले. पोतं होतं, पोत्याखाली काही नव्हतं. ट्रंकेच्या बाजू आणि तळ, छिन्नीनं तोडलेले, भिंतीला टेकवून ठेवले होते. झाकणाचा पत्रा जाड, सपाट आणि नेमक्या मापाचा निघाला, म्हणून दाजींनी तो घेतला होता. वरचं नाव आणि नंबर आधी कानशीनं घासून काढला होता, नाही तर नवा रंग धरत नाही.

आक्काच्या लगेच ध्यानात आलं. "आवं, काय केलंसा हे," ती म्हणाली. दाजी घाबरून खाली वाकले, फळीला डोळा लावून बघितलं. "का? तिरकी बसली व्हय?"

तिरकी नव्हती. मी म्हटलं, चांगली झाली. त्या दिवशी रात्री ते दोन घास जास्त जेवले.

त्यानंतर पाच वर्षं मी रोज वाकून त्या फळीवरून लुगडं काढलं आणि रोज वाकून ठेवलं. दाजींशी बोलणं कमी केलं. मी मुळातच कमी बोलत असल्यामुळे त्यांना ते कळलंच नाही, हा आणखी एक राग. मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ते खाटेवर पडले. खाट मांडणीसमोर होती. त्यांचं सगळं आता मी आणि आक्का करत होतो. एकदा दुपारी आक्का गिरणीत गेली होती, मी त्यांना पेज पाजत होते. ते मांडणीकडे बघत म्हणाले, बाराव्या फळीला जागा आहे असं मला वाटतंय. मी वाटी खाली ठेवली.

"दाजी," मी म्हटलं, "ट्रंक तोडायच्या आदी मला इचारायला पायजे हुतं."

त्यांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, "इचारलं असतं तर नगं म्हटला असता व्हय?"

"न्हाई. तोडा म्हटलं असतं."

"मग?"

"पर मी म्हटलं असतं."

ते पुन्हा मांडणीकडे बघू लागले. पेज गार झाली. त्यांना कळलं असं मला त्या दिवशी वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि दाजींनी एखादी गोष्ट सुरू केली की ती कुठं थांबवायची हे त्यांना कधीच कळलं नाही. धाकल्या बाई, खिडकी उघडी ठिवू का? कुशीवर वळू का? आता पानी पिऊ का मग पिऊ? खाटेवरून ज्याला हलता येत नाही तो माणूस मला विचारत होता, पाय लांब करू का. पहिले आठ दिवस मी प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. मग कंटाळा आला. मग चीड येऊ लागली. आक्का हसायची, म्हणायची, आता तूच सुभेदार.

थंडी सरत आली होती. सकाळची वेळ, मी चुलीपुढं होते, तवा तापलेला, हात पिठात. बाहेरच्या खोलीतून दाजींनी हाक मारली आणि काहीतरी विचारलं. शब्द नीट ऐकू आले नाहीत. उठून जायला हवं होतं. मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, "काय ते तुमचं तुमी ठरवा, दाजी."

भाकरी उलटून बाहेर आले तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता. त्यांनी ठरवलं होतं.