एका बाजूचं कापड

लग्नानंतर आम्ही जांबे गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझी नोकरी हिंजवडीत. बायको गाठींवर पीएचडी करत होती. गणितातली गाठ म्हणजे टोकं एकमेकांना जोडलेला, कधीच न सुटणारा दोरा. त्याला काठ धरून कापड ताणलं, तर ते कधी दोन बाजूंचं होतं, कधी एकाच बाजूचं. काही गाठींसाठी एका बाजूचं सगळ्यात साधं कापड कोणतं, हे तिला सिद्ध करायचं होतं.

मला हे कळलं घरमालकीण मावशींमुळे. बायकोला कॅन्सर निघाला आणि तिची किमो सुरू झाली, तेव्हापासून मावशी दुपारी गोधडीचं काम घेऊन आमच्याकडेच बसत. एकदा बायकोने त्यांच्याकडून लांब चिंधी घेतली, तिला तीन अर्धे पीळ दिले आणि टोकं शिवून घेतली.

"आता काठाकाठाने लाल दोरा घाला."

दोरा सगळा काठ फिरून निघाल्या जागी आला. मधलं कापड कातरलं असतं तर हातात लाल गाठच उरली असती.

मावशींनी चिंधी फिरवून फिरवून पाहिली. "हिची उलटी बाजू कुटं हाय?"

"नाहीच, मावशी. एकच आहे."

"मंग आस्तर कुटं लावायचं?"

बायको खूप दिवसांनी हसली.

ताप असला तरी ती रोज सकाळी टेबलाशी बसायची. कामानेच तिला धरून ठेवलंय, असं मी सगळ्यांना सांगायचो. दिवाळीनंतर ती गेली.

पुढे तिच्या मार्गदर्शक बाई भेटायला आल्या. मी विचारलं, "सिद्धता थोडीच राहिली होती ना? कुणी पुरी करेल का?"

"सिद्धताच चुकली होती. पावसाळ्यातच तिला चूक सापडली. तिनेच मला फोन करून सांगितलं."

"मग रोज बसून काय करत होती?"

"दुसरी वाट शोधत होती. नाही मिळाली." मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. 'मी टेबलाशी दिसले की त्याला धीर येतो,' म्हणाली."

ती गेल्यावर पहिल्यांदाच मला तिचा राग आला. एवढं मोठं दुःख शेजारच्या खोलीत तिने एकटीने काढलं होतं. बाईंना सोडायला मी बसस्टॉपपर्यंत गेलो.