शेगडीजवळचा खल

परभणीच्या बाजारातल्या डॉक्टर दिनकररावांच्या दवाखान्याला लोक मन्मथअप्पाचा दवाखाना म्हणत. डॉक्टरांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. डॉक्टर रोग्याला तपासून चटकन मोकळं करीत, पण औषधासाठी तोच रोगी कंपाउंडरच्या खिडकीपाशी चांगला ताटकळत उभा राही. आणि ज्याच्यासमोर ताटकळावं लागतं तोच मोठा, हे निजामाच्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नसे.

खिडकीच्या आत मन्मथअप्पा घाई न करता काम करी. मूळचा तो मानवतचा, लिंगायत वाण्याचा मुलगा. वाण्याच्या मुलाला पुडी बांधायला शिकवावं लागत नाही. डॉक्टरांनी त्याला फक्त तोलून झाल्यावर वर चिमूटभर टाकायची सवय सोडायला लावली. रोग्याचं दुखणं मराठीत, डॉक्टरांचं शिक्षण उर्दूत, चिठ्ठी इंग्रजीत आणि बरणीवरचं नाव आणखी कुठल्या तरी मेलेल्या भाषेत, एवढ्या सगळ्यातून औषध योग्य पोटात जाई ते मन्मथअप्पामुळे. रोग्यानं घरून आणलेली बाटली तो गरम पाण्यानं विसळी, वास घेई, पुन्हा विसळी. मग मिक्श्चर भरून बाजूला डोसाच्या खाचा कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. "एका खाचेपस्तोर प्यायचं. दोन खाचा प्याला म्हनून दुप्पट बरा व्हत न्हाईस," असं प्रत्येकाला सांगे. पुष्कळजण तरी दोन खाचा पीत.

पण त्याचा खरा जीव डोळ्याच्या थेंबांत होता. दवाखान्याच्या आत एक लहानशी खोली होती. तिथं पाणी उकळायचं, त्याची वाफ धरून पुन्हा पाणी करायचं, बाटल्या उकळायच्या, तोंडाला फडकं बांधायचं आणि मगच थेंब तयार करायचे. हे कशासाठी, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हवेत, हातावर, श्वासात जंतू असतात. दिसत नाहीत, पण असतात. मन्मथअप्पाला ते पटायला जड गेलं नाही. दिसत नाही पण असतं, अशा गोष्टींवर विश्वास ठेवायची सवय त्याला लहानपणापासूनच होती.

जड गेलं ते वेगळंच. त्याच्या घरात विटाळ हा प्रकारच नव्हता. अंगावर लिंग आहे त्याला सुतक नाही, सुवेर नाही, शिवाशिव नाही. ज्या घरात लिंगपूजा होते ते घर कशानंही बाटत नाही, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, आणि शेजारच्या सोवळ्या घरांवर बापलेक मिळून हसले होते. तोच मन्मथअप्पा दवाखान्यात येऊन सोवळं शिकला, आणि शिकला तो असा की भटजीनं त्याच्यापुढं हात टेकावेत.

"अहो, आत येऊ द्या. दवाखाना माझा आहे," डॉक्टर एकदा दाराशी म्हणाले.

"खोकलाव तुमी आत्ता. भाईर थांबा."

"मी डॉक्टर आहे, मन्मथअप्पा."

"जंतूला काय ठाव, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर बाहेर थांबले.

फसली तेराशे बावन्नच्या, म्हणजे इंग्रजी बेचाळीसच्या, हिवाळ्यात लढाईमुळं मुंबईहून येणारी तयार औषधं बंद झाली. बाकीच्यांचं कसंबसं भागलं. पाऱ्याच्या मलमाचं भागेना. खरजेला ते लागे, उवांना लागे, आणि पागोटं डोळ्यांवर ओढून मागच्या दारानं येणाऱ्या प्रतिष्ठितांच्या ज्या दुखण्याचं नाव कुणी घेत नसे त्याला तर लागेच. तेव्हा मलम इथंच घोटायचं ठरलं. पुस्तकात त्यासाठी डुकराची चरबी सांगितली होती. घोटणारा लिंगायत आणि लावून घेणारे निम्मे मुसलमान. पुस्तक लिहिणाऱ्या साहेबानं दोघांना एकाच ओळीत बाद केलं होतं. मग मेण आणि तिळाचं तेल घ्यायचं ठरलं. पण मेण थंडीत आखडतं. पारा त्यात मुरत नाही, मण्यामण्यांनी पळत राहतो. खल ऊबेला ठेवून अर्धा अर्धा दिवस घोटलं, तरच भिंगाखाली एकही चकाकी दिसेनाशी होई आणि करडं, गुळगुळीत मलम तयार होई.

"मागच्या पडवीत घोटत जा," डॉक्टर म्हणाले, "आणि हात धुवा."

मन्मथअप्पानं पडवीकडं पाहिलं. पडवीला लागूनच थेंबांची खोली. हा करडा राप ज्याला लागे त्याचा सुटत नसे. तो थेंबांच्या खोलीशेजारी कसा आणायचा? शिवाय पडवीत वारं, मेण दगड होणार. त्यानं खल, पाऱ्याची बाटली आणि मेण पिशवीत घातलं आणि घरी नेलं. दवाखाना बाटतो असं डॉक्टरांनी शिकवलं होतं, घर बाटत नाही असं बापानं. त्यानं दोघांचंही ऐकलं.

लपवालपवी त्यात काही नव्हती. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मलम चांगलं होत होतं.

घर माळवदाचं, एका खोलीचं आणि पुढं छपरी. त्यात तो, झरीहून करून आणलेली त्याची बायको महादेवी, आणि लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्या श्रावणात जन्मलेली मुलगी, गिरजा. जंगमानं तिच्या गळ्यात लिंग बांधलं तेव्हा ते तिच्या मुठीपेक्षा मोठं दिसत होतं. दिवाळीनंतर थंडी पडली तशी महादेवी खोलीत शेगडी पेटवून दार लोटून घेऊ लागली. मन्मथअप्पा दवाखान्यातून आला की शेगडीला खल टेकवून, पायांत धरून घोटायला बसे. बत्त्याची घरघर एका लयीत चाले. गिरजा टकामका पाही आणि पाहता पाहता झोपी जाई.

"अवो, तुमच्या खलाच्या आवाजाबिगर झोपतच न्हाई बगा ही," महादेवी म्हणे. "मी अंगाई म्हनले की रडती."

"तुजा आवाजच तसा हाय."

"आन् तुमचा खल लय सुरात!"

तो सावध होता. पाऱ्याची बाटली उंच फडताळात. खलाला पोरीचं बोट लागू द्यायचं नाही. उचलून घेण्याआधी हात रिठ्याच्या गरम पाण्यानं धुवायचे, आणि धुतलेले हात शेगडीवरच वाळवायचे. विष तोंडातून जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मार्गशीर्षात गिरजाचे तळहात आणि तळपाय गुलाबी झाले. शेजारची धुरपताबाई ते पाहून हरखली. "मेंदी लावल्यावानी दिसायल्यात की! लक्षुमीचे पाय हायत महादेवी, दिष्ट काढून टाक." महादेवीनं मीठमोहऱ्या उतरून शेगडीत टाकल्या.

मग पोर किरकिर करू लागली. अंगाला घाम, भर थंडीत. दूध तोंडात घेई आणि सोडून देई. उजेड तिला सोसेना. दार उघडलं की डोळे मिटून मान आईच्या कुशीत खुपसायची. दातांचं असेल, डॉक्टर म्हणाले, आणि चिठ्ठी दिली. मन्मथअप्पानं ते औषध तीनदा तोलून केलं. डोळ्यांसाठी थेंब केले. त्या दिवशी त्यानं आंघोळ करून, तोंडाला दुहेरी फडकं बांधून, बाटली दोनदा उकळून थेंब केले. त्या दवाखान्यात तोवर इतकं निर्मळ औषध झालं नसेल. ते खिशात न ठेवता हातात धरून तो घरी आला आणि पापणी उघडून एकेक थेंब सोडला. मग हात धुऊन घोटायला बसला.

उजेड सोसत नाही म्हणून खिडकीवर वाकळ बांधली. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. अंगाला घाम येतो म्हणजे थंडी बाधली असणार, म्हणून महादेवी शेगडीत गोवऱ्या वाढवू लागली. डॉक्टरांनी त्याला दुपारीच घरी जायची मुभा दिली. घरी बसून तो करणार काय? पोर जागीच असे, दिवस दिवस जागी, आणि झोपली तर फक्त त्या घरघरीनं झोपे. तेव्हा मलम होऊन गेलं तरी तो घोटत बसे. पारा केव्हाच दिसेनासा झालेला असे, आणि हा आपला एका लयीत घोटतोय, थांबलं तर ती जागी होईल म्हणून.

पौषात ती रडायचीही थांबली, तेव्हा तो डॉक्टरांना घरी घेऊन आला.

डॉक्टर वाकून आत शिरले, पोरीजवळ बसले, नाडी पाहिली, हिरड्या पाहिल्या. तळहात उघडून बराच वेळ धरून ठेवला. "जरा उजेड करा." महादेवीनं वाकळीचं टोक उचललं तशी तिच्या गळ्यातले मणी पुढं आले.

"हे मणी चांदीचे?"

"न्हाई जी, सोन्याचेच. एवढ्यात पांढरे पडायल्यात. सोनार फसवला म्हनायलेत हे."

डॉक्टरांनी शेगडीकडं पाहिलं. शेगडीला टेकून, स्वच्छ फडक्यानं झाकलेला खल होता.

"हा इथं कधीपासून?"

"दिवाळीपासून," मन्मथअप्पा म्हणाला, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहून पुढं म्हणाला, "झाकून ठेवतो जी. रोज."

डॉक्टर उठले. त्यांनी आपल्या हातांनी खल उचलला, कोटाला राप लागला तरी तसाच छातीशी धरून अंगण ओलांडून पार गल्लीत नेऊन ठेवला. मग शेगडी विझवली, वाकळ ओढून काढली, आणि त्याला घेऊन बाहेर आले.

"पारा ऊन झाला की त्याची वाफ होते. श्वासातून जाते. दिसत नाही, वास येत नाही. मणी पांढरे पडले ते तिनंच."

मन्मथअप्पाचा हात नकळत तोंडाकडं गेला, फडकं बांधतात त्या जागी.

"मी पडवीत घोटा म्हटलं होतं."

"जी."

"का, ते सांगितलं नव्हतं."

"जी न्हाई."

"मोकळ्या हवेत न्या. झरीला न्या, सासुरवाडीला," डॉक्टर म्हणाले. "आणि बाईंना यातलं काही बोलू नका. उपयोग नाही."

झरीला महादेवीचा बाप सांबप्पा किराणा विकत असे. घरामागं मोकळं शेत. तिथं चिंचेखाली बाज टाकून गिरजाला निजवलं. दोनेक दिवसांत तिनं दूध ओढलं. एकदा बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली तेव्हा मान वळवली. मन्मथअप्पानं तेवढ्यावर परभणीला निरोप धाडला की फरक आहे. निरोप पोचायच्या आधी तिला धाप लागली, आणि संक्रांतीच्या आत ती गेली. लिंगायत जसं बसवून पुरतात तसं तिला बसवलं. तळहातावर लिंग ठेवलं. तळहात अजून गुलाबीच होता. मातीची पहिली मूठ बापानं टाकायची असते. त्यानं टाकली.

घरी बाया महादेवीभोवती बसल्या होत्या. लिंगायताला सुतक नसतं, म्हणून कुणी रडू नये असं नाही. महादेवीची आई मल्लम्मा लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "तुजं दूधच तापट, माय. माज्याबी पयल्या दोघांना सोसलं न्हाई. आपल्या कुळातच हाय ते."

"व्हय," महादेवी म्हणाली. "माज्याच दुधानं गेली."

मन्मथअप्पा दारात उभा होता. गप्प बसणं सोपं होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. ती जन्मभर आपल्या दुधाला दोष देत राहिली असती. तो पुढं आला.

"दूध न्हाई. मलम. म्या घरात घोटलो ते पाऱ्याचं मलम. त्याची वाफ गेली तिच्या उरात. डॉक्टरसाहेब सांगले."

सांबप्पानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, औषध हाय ते. औषधानं मानूस बरं व्हतंय, मरंल कसं? बसा. आगं, च्या द्या कुनीतरी यांना, लय मनाला लावून घेतले."

"खोटं न्हाई बोलायलो मी."

"न्हाई न्हाई," सांबप्पा म्हणाला, जसं तापात बरळणाऱ्याला म्हणतात. चहा आला. सगळ्यांनी मिळून त्याला तो प्यायला लावला. परभणीत ज्याच्या शब्दाशिवाय कुणी बाटलीचं बूच काढत नसे, त्याचं तिथं एकानंही खरं मानलं नाही.

महादेवी मात्र त्याच्याकडं पाहत होती. तिनं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "थंड असतं तर वाफ झाली असती का?"

प्रश्नाचा रोख त्याच्या ध्यानात आला नाही. "थोडी..." तो म्हणाला. "थोडी झाली असती."

"म्हंजी शेगडीनं."

"शेगडी पेटव म्हनून मीच सांगलो व्हतो."

"तुमी रोजच सांगत नव्हते," महादेवी म्हणाली. "गवऱ्या मी घालत व्हते. चिंध्या मी कोंबले."

दुधाचा दोष काढून घ्यायला तो आला होता. त्या जागी दुसरा दिला होता, आणि हा खरा असल्यामुळं कुणाला काढता येणार नव्हता. मल्लम्मा लेकीला म्हणत होती की जावयाचं ऐकू नको, तुझं दूधच तापट. महादेवीनं आईचा हात पाठीवरून अलगद बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी परभणीला जाणारी बैलगाडी दाराशी आली. मन्मथअप्पा चढून बसला. महादेवी जरा वेळ चाकाशी उभी राहिली, मग पदर सावरून चढली आणि त्याच्यासमोरच्या बाजूला बसली. ये असं कुणी तिला म्हटलं नव्हतं. राहा असंही नाही. सांबप्पानं बैलांना टिचकारलं.