चिमाकाकी मार्लेश्वरला चालत गेली

आमच्या वाडीतली मुंबईकर माणसं गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. केरूकाका मात्र संक्रांतीला यायचे. गोदीत कामाला होते. गणपतीची रजा एखाद्या वर्षी हुकली तर हुकली, पण संक्रांतीच्या आधी ते एसटीतून उतरायचे, दोन दिवस घरात काढायचे आणि वाडीतल्या माणसांबरोबर डोंगरातून चालत मार्लेश्वरच्या यात्रेला जायचे. देवाचं लग्न बघून परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरायचे.

चिमाकाकी त्यांची बायको. ती कधीच गेली नव्हती. सासू अंथरुणाला खिळलेली, दावणीला म्हैस, भाताचं शेत, कुळथाचं शेत. कुणाचा हेवा करायलाही तिला फुरसत नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा, शिवा, चार वर्षांचा होऊन तापाने गेला होता. ते मी लग्न होऊन या वाडीत येण्याच्या फार आधी घडलेलं. त्याचं नाव त्या घरात कुणी काढत नसे, हे मला माझ्या सासूने आल्याआल्याच बजावून ठेवलं होतं.

पंच्याऐंशीच्या भादव्यात काकीची सासू वारली. संक्रांत आली तशी काकी म्हणाली, "औंदा मी पण येतंय." केरूकाकांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चढ हाय. झेपंल?" डोक्यावर भाताचे भारे वाहून तिची मान लाकडासारखी झाली होती, तिला चढ विचारत होते.

आम्ही अंधार सरता सरता निघालो. मी नवी सून, म्हणून मला काकीच्या सोबतीला दिलेली. वाडीच्या वरचा कातळ चढून गेलो तेव्हा उजाडलं. वाळलेल्या गवतावर दव पडलेलं आणि खाली दरीत धुकं कापसासारखं बसलेलं. पुढे केरूकाका झांज वाजवत चाललेले, आणि काय गळा होता त्यांचा! ते एक ओळ म्हणायचे, मागून सगळे उचलायचे. मध्येच थांबून पोरांची थट्टा करायचे, कुणाला आधाराला काठी तोडून दे, कुणाला घसरडीवर हात दे. वाटेवरचा प्रत्येक दगड त्यांच्या ओळखीचा.

काकी बघत होती. थोड्या वेळाने मला म्हणाली, "हे गातात?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"घरात नाय गायले कधी. घरात आले की माचावर बसतात. इचारलं तर हूं म्हणतात." पुढे एकदा काका मोठ्याने हसले तेव्हा ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "हसना सगळा वाटेवर सांडतात नि घरात रिकामे येतात."

उन्हं चढली तसं आम्ही डोंगराच्या पलीकडे उतरलो. खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला चारपाच घरांची वाडी होती. पहिलंच घर गंगा नावाच्या बाईचं. आमची सगळी माणसं दर वर्षी दुपारचं तिच्या खळ्यात जेवत, हे मी ऐकलं होतं. घरापुढचं सारवलेलं खळं, कडेने वालाचे वेल, चुलीवर मोठी टोपं. गंगा दारातच उभी होती. पन्नाशीची, कपाळ मोकळं, उंच बाई. आम्हाला बघून हाताने डोळ्यांवर सावली करत ती ओरडली, "आलास केरू? केवढा उशीर!"

माझ्या शेजारी काकी जागच्या जागी थांबली. तिने आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव ओठावर आणलं नव्हतं. उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. आणि ही बाई भर खळ्यात त्याला एकेरी हाक मारत होती.

"त्यांच्या आजोळची हाय ती," कुणीतरी सांगितलं. "ल्हानपणी दोघा एकत्र गुरा राखायची. या वाडीत दिलेली. न्हवरा कधीच गेला."

गंगेने काकांसाठी न सांगता पाट बाजूला सारून लाकडी पेटी पुढे ओढली, कारण त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे. हे काकीला ठाऊक नव्हतं. घरात ते माचावरच बसत, तेव्हा गुडघ्याचा प्रश्न कधी आलाच नव्हता. मग तिने त्यांच्या पत्रावळीवर भाकरी आणि पावट्याची उसळ वाढली. काकांनी उसळ संपवली आणि आणखी मागितली.

"घरात पावटा दिसला की ताट सारतात," काकी माझ्या कानाशी म्हणाली. "म्हणतात वात होतो."

तिला वाढायला गंगा आली तेव्हा काकीने पत्रावळीवर आडवा हात धरला. "माजा उपास हाय."

उपास कसला! पहाटे माझ्यासमोर तिने चहाबरोबर घावन खाल्लं होतं. गंगेलाही ते कळलं असावं. तिने आग्रह केला नाही. नुसतं गुळाचं पाणी पुढे ठेवलं. काकीने तेही प्यायलं नाही, उठून मागल्या दारी पऱ्यावर पाय धुवायला गेली. मी तिच्या मागे गेले. थोड्या वेळाने गंगा पण कळशी घेऊन आली, दगडावर बसली आणि काकीच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली.

"काय बघतेस?" काकीने विचारलं.

"केरू सांगायचा तसाच हाय," गंगा म्हणाली. "हनवटी तुजी. शिवाची हनवटी तुज्यावर गेलेली, म्हणायचा. वासराच्या मागं धावताना पडला नि तितंच खोक पडलेली ना त्याला?"

काकीच्या हातातून पाणी गळून गेलं. तिने पदर खोचला, वहाणा पायात सरकवल्या आणि कुणाची वाट न बघता देवाच्या पायथ्याच्या मारळ गावाच्या वाटेला लागली.

माणसं अजून जेवत होती. मी धावतच तिच्या मागे गेले. इतका वेळ मागे रेंगाळणारी काकी आता अशी चालत होती की मला धाप लागली. करवंदीच्या जाळीत लुगडं अडकलं तर ओढून फाडून पुढे. बाव नदीचं पाणी गुडघ्याएवढं होतं, त्यातून तिने दगडही न बघता पाय टाकले. मी म्हटलं, "काकी, जरा बसा." ती म्हणाली, "तू बस."

चढ लागला तेव्हा मात्र तिचे पाय थांबले. एका ऐनाच्या झाडाखाली ती मटकन बसली. मागून झांजेचा आवाज जवळ येत होता. माणसं आमच्यापुढून गेली, "काय झालं" विचारत गेली. शेवटी केरूकाका लंगडत वर आले. मी उठून थोडी पलीकडे झाले, पण इतकी पलीकडे नाही की ऐकू येऊ नये.

"काय झाला चिमा? पाय मुरगळला?"

"शिवाची खोक सांगितलात तिला," काकी म्हणाली.

काकांनी हातातली झांज खाली ठेवली.

"किती वरसा झाली. माज्यापुढं त्याचा नाव नाय काढलात. मला वाटला, ह्यांना आठवतच नाय. मुंबईत ऱ्हातात, इसरले असतील. मी पण गप ऱ्हायले. रातीला अंगठा चोखत निजलेला पोर आठवायचा तर लुगड्यात तोंड घालून आठवायचा. नि तुमी तिच्या खळ्यात बसून सांगत होतात?"

"चिमा, तुला वाटतंय तसा काय नाय."

"तसा असता तर बरा झाला असता!" काकी ओरडली. वरच्या वळणावरची माणसं मागे वळून बघायला लागली. "बाई ठेवली असती तर वाडीनं तुमाला शिव्या घातल्या असत्या, मी पण घातल्या असत्या. आता कोणाला सांगू मी? शिवा माजा हाय. त्याच्यासाठी रडना माजा हाय. ता तिला कशाला दिलात?"

काका खाली बसले. गुडघा सरळ करून, हळूच.

"तार मिळाली नि मी आलो," ते म्हणाले, "तवर सगळा आटपलेला. तू भात कांडत होतीस. माज्याकडं बघितलंस नि परत कांडायला लागलीस. मला वाटला, ही मला माफ नाय करणार. ताप चढत होता तवा मी नव्हतो. मी काय तोंडानं इचारू, कसा गेला म्हणून? त्या संक्रांतीला देवाशी भांडायला निघालो नि गंगीच्या खळ्यात चक्कर येऊन पडलो. तिनं इचारला, काय झाला केरू. तुज्याकडं कोण असा इचारणारा नव्हता, ता मला कळत होता. पण मी भेकड."

"मी कांडत होते," काकी म्हणाली, "कारण थांबले असते तर पडले असते. तुमी मुसळ धरायचा होतात माज्या हातातला."

उन्हं कलती झाली. मी खोकून आठवण दिली तशी दोघं उठली. काकांनी हात पुढे केला, तो तिने धरला नाही, काठी मात्र घेतली. अर्धा चढ गेल्यावर काकांचा आवाज आला, अगदी हळू, "ताप आला तवा... काय बोलला काय तो?"

काकीने सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला तुटक, मग सलग. पायऱ्या लागल्या, धबधब्याचा आवाज यायला लागला, गुहेकडे जाणारी माणसांची रीघ लागली, तरी ती सांगतच होती आणि काका प्रत्येक पायरीवर थांबून ऐकत होते. आमच्या वाडीतली सगळ्यात शेवटी देवापाशी पोचलेली माणसं आम्हीच.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, अक्षता पडल्या आणि आम्ही परतीला लागलो. मला वाटलं काकी गंगेचं घर टाळेल. ती सरळ खळ्यात गेली, पेटीवर बसली आणि म्हणाली, "भाकरी वाढ. नि काय काय सांगितलंन ह्यांनी तुला, ता सगळा सांग. मागं काय ठेवू नको."

गंगा क्षणभर बावरली. मग समोर बसून सांगू लागली. काका अंगणाच्या टोकाला मान खाली घालून बसलेले. गंगेने सांगायचं आणि काकीने दुरुस्त करायचं, असं चाललं. "नाय, तो आंबा नव्हता, फणसाखाली बसायचा." "दात आधी वरचा आला. ह्यांना काय ठाऊक?" "गोधडीचा रंग चुकीचा सांगितलाय तुला." उधार दिलेलं सामान परत घेताना एकेक वस्तू उजेडात धरून बघावी, तसं ती करत होती. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "आणखी?" गंगा म्हणाली, "आणखी नाय गो वैनी. देवाशपथ." तेव्हा कुठे ती उठली. निघताना गंगेने तिला सोलून ठेवलेले वालाचे दाणे दिले. ते तिने घेतले, पण हसली नाही.

हेवा गेला असं मी म्हणणार नाही. पुढे काकी दर वर्षी जायला लागली आणि दर वर्षी गंगा आणि काका यांच्या मधोमध बसायची. गंगा आजारी पडल्याचं कळलं तेव्हा तांदूळ आणि सुंठ घेऊन एकटीच डोंगर ओलांडून गेली, आठवडाभर तिच्याजवळ राहिली. आल्यावर मला म्हणाली, "बाई चांगली हाय. म्हणूनच जास्त राग येतो."

काका गोदीतली नोकरी सोडून घरी आले त्या उन्हाळ्यात आमच्या कुडापलीकडून दोघांच्या भांडणाचा आवाज यायला लागला. मी घाबरून कान दिला. शिवा पहिल्यांदा बोलला तो शब्द कुठला, यावरून भांडत होती. काका म्हणत होते, "बाबा म्हणालेला." काकी म्हणत होती, "तुमी मुंबईस होतात! म्हशीला हाक मारलेलीन त्यानं, मी ऐकलाय." काकांनी पुन्हा काहीतरी म्हटलं, तिने आवाज आणखी चढवला. माझी सासू दळण थांबवून म्हणाली, "भांडू दे. बोलतायत ना."