लंबू पाळकांचं प्रवचन

मागून 'लंबू', तोंडावर 'पाळकसाहेब'. कुठल्याही घरात शिरताना ते मान झुकवतात आणि तरीही कपाळमोक्ष ठरलेला. पाळक होण्याआधी हा माणूस व्यावसायिक संघातून बास्केटबॉल खेळायचा हो! हजारो लोक त्यांच्या नावाने घसा फोडायचे. मग एकदा उडी मारून खाली आले ते कुणाच्या तरी पायावर, गुडघा गेला आणि खेळ आटोपला. दवाखान्यात एका नर्सने त्यांना आधी दमात घेऊन चालायला लावलं, मग हातात बायबल दिलं आणि शेवटी त्यांच्याशी लग्नच केलं. त्याच आमच्या पाळकीणबाई.

पाळक झाले तरी बास्केटबॉलचं कोर्ट काही सुटलं नाही. दर रविवारी प्रवचनात एक किस्सा असायचाच. "मी एकदा काय केलं..." असं ते म्हणाले की मागच्या बाकावर डुलक्या काढणारेही सावरून बसत. हरण्यातून धीर, फाउलमधून क्षमा, राखीव खेळाडूतून नम्रता, काय वाट्टेल ते काढून दाखवायचे. लोक हसायचे, डोळे पुसायचे आणि घरी जेवायला जायचे.

गेल्या हिवाळ्यात पाळकीणबाई गेल्या. अंत्यविधीला चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर मात्र पाळकांच्या घराकडे चिटपाखरू फिरकलं नाही. माणसं वाईट होती म्हणून नव्हे; फार चांगली होती, तीच तर पंचाईत! जो तो म्हणे, "आपण काय त्यांचं सांत्वन करणार? त्यांच्यापाशी साक्षात देव आहे." अहो, देव आहे, कबूल. पण तो समोर बसून 'अजून थोडं वाढू का' म्हणतो का?

पाळकसाहेब मात्र रोज लोकांकडे जात. आजाऱ्यांच्या उशाशी बसत, नवरा-बायकोची भांडणं सोडवत. आणि घरी येऊन ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच चार घास खात, कारण ताट घेऊन टेबलाशी बसलं की समोरची रिकामी जागा दिसे. एकदा दोन शब्द बोलावेत म्हणून दूधवाल्याला थांबवलं, तर तो बिचारा आशीर्वादासाठी मान खाली घालून उभा! दिला आशीर्वाद. करतात काय?

शेवटी एका रविवारी त्यांनी मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. देवाला सांगून झालं होतं, आता माणसांना. पण एवढ्या धिप्पाड माणसाने 'मला सोबत द्या' म्हणायचं कसं? जीभ रेटेना, म्हणून सवयीने सुरुवात झाली ती किश्श्यानेच.

"मी एकदा अगदी सोपी बास्केट हुकवली आणि सामना घालवला. ड्रेसिंग रूममध्ये माझ्याशी कुणी बोलेना. रागाने नाही, माझ्या मनाला लागेल म्हणून. मला वाटत होतं, अरे, कुणीतरी निदान शिवी तरी द्या!"

लोक हसले. पाळकसाहेबांनी प्रवचनाच्या मेजाची कड घट्ट धरली.

"हल्ली माझं घर तसं झालंय. ही गेल्यापासून एकट्याला जेवण जात नाही. संध्याकाळ खायला उठते. तुमच्यापैकी कुणीतरी या. बोलू नका हवं तर. नुसते बसा."

 पुढच्या बाकावर दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावले. पाळकसाहेबांना वाटलं, पोचलं बुवा.

उपासना संपल्यावर दाराशी हात मिळवायला रांग लागली.

"काळजालाच हात घातलात, पाळकसाहेब!"

"असं उदाहरण तुम्हालाच सुचावं! आता शेजारच्या आजोबांकडे जातेच बघा."

पाळकसाहेब हात मिळवत राहिले. दोष तरी कुणाला द्यायचा? पाळक 'मी' म्हणाले की ते आपल्यासाठी आहे असं समजायचं, हे इतकी वर्षं त्यांनीच तर शिकवलं होतं.

तरी आशा वेडी असते. दुपारी त्यांनी घर झाडलं, टेबल पुसलं, भात जरा जास्तच टाकला. ऊन उतरलं. रस्त्यावर पावलं वाजत आणि पुढे निघून जात. दिवे लागायच्या सुमारास बेल वाजली, तसे ते दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता धावले. दारात चर्चचं मासिक काढणाऱ्या मास्तरीणबाई उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, जिभेला हाड नाही.

"आत नाही येत, तुमची प्रार्थनेची वेळ," त्या म्हणाल्या. "आजचं प्रवचन लिहून द्या, छापते. शेवट तेवढा आवरता घ्या. फार रडवलंत."

"ते प्रवचन नव्हतं, बाई."

"मग काय होतं?"

"बोलावणं होतं."

 मास्तरीणबाईंनी पाळकसाहेबांच्या कोपराआडून आत पाहिलं. टेबल मांडलेलं होतं आणि घरात दुसरं कुणीच नव्हतं.

"अगं बाई! सकाळपासून कुणीच नाही आलं?"

"तुम्ही आलात ना."

"मी तर कामासाठी आले हो..." बाई पहिल्यांदाच चाचरल्या.

"चालेल," पाळकसाहेब म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "तेही चालेल. या."