पाचाचा फरक

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. सांगलीकडून ट्रकवर क्लीनर होऊन कोहमाऱ्यापर्यंत आलो आणि मग गोंदियाच्या मालधक्क्यावर लागलो. तांदूळ भरायच्या मालगाडीच्या डब्यांचे नंबर ओरडून सांगायचे, हे माझं काम. नंबर अकरा आकडी. मी डब्यापाशी उभा राहून जोडीजोडीनं सांगायचो, एक जुना हमाल पाटीवर लिहायचा. त्याला सगळे भाऊ म्हणत.

त्या नंबरात एक खुबी असते. पहिल्या दहांतले दुसरा, चौथा, सहावा असे सम जागांचे आकडे मिळवून तिप्पट करा, त्यात विषम जागांचे मिळवा. शेवटचा आकडा मिळवला की ती बेरीज शून्यावर, म्हणजे दहाच्या पटीत, येऊन टेकते. लिहिण्यात चूक झाली तर बेरीज टेकत नाही. भाऊ प्रत्येक नंबर असा ताडून बघायचा.

एकदा मी ओरडलो, "तीस, शून्य आठ, शून्य सहा, सत्तावीस, एक्केचाळीस, पाच." पुढं कळलं, पाटीवर सत्तावीसच्या जागी बहात्तर होते, आणि त्या नंबराचा डबा गाडीत नव्हताच. ठेकेदारानं दोघांना उभं केलं.

"मी बेरीज लावली साहेब, बरोबर येऊन राहिली," भाऊ म्हणाला. "बहात्तरच बोलला हा. या सांगलीवाल्याची बोली कोणाले समजते?"

सगळे हसले. ठेकेदार मला म्हणाला, "अजून एक चूक झाली, का गावाले जाय."

गावी काय तोंड घेऊन जाणार होतो? धक्क्याबाहेर भजी तळणाऱ्या मावशीच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"कायले रडून राहिला गा?" तिनं भात वाढला. "त्यानं काय केलं थे बघ ना पहिले."

तिचे उपकार फिटणार नाहीत. तिच्याच ओट्यावर खडूनं मी तो नंबर दोन्ही तऱ्हांनी मांडला. सत्तावीस घातले, बेरीज पंच्याहत्तर. बहात्तर घातले, पासष्ट. दोन्हींना शेवटी पाचच लागतात! मग दुसऱ्या जोड्या उलटून पाहिल्या. दोन आकड्यांत पाचाचा फरक असला की उलटी जोडी निसटते. बाकीच्या उलटलेल्या जोड्या बेरीज पकडते. सत्तावीस म्हणताना आधी सात ऐकू येतो. भाऊ कानाला येईल तसं लिहायचा, बेरीज अडली की गुपचूप जोडी फिरवायचा. ही पाचाच्या फरकाची एकच जात त्याला कधी सापडलीच नव्हती.

मी वाट बघत राहिलो. मला हवी तशी जोडी, आणि शेजारी ठेकेदार. आठवडे गेले. शेवटी ठेकेदार माझ्या खांद्याशी उभा असताना डब्यावर अडतीस दिसले. मी नंबर खणखणीत, पण झपाट्यानं म्हटला. खोटं एक अक्षर नाही.

"साहेब, पाटी बघता का जरा?"

पाटीवर त्र्याऐंशी होते.

"पण बेरीज बरोबर आहे ना साहेब!" भाऊचा आवाज फाटला.

"बेरीज चाट आता," म्हणत ठेकेदारानं पाटी माझ्या हातात दिली आणि भाऊला उन्हात डब्यांकडे पिटाळलं.

भाऊनं पहिला नंबर सांगितला. मला स्वच्छ ऐकू आला.

"परत," मी म्हटलं.

त्यानं परत सांगितला. मी खडू उचललाच नाही.

"परत."