पोटाला सोबत लागते

शिरढोणच्या घरातून जर्मनीच्या नोकरीसाठी निघाले त्या दिवशी आईने तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण पुढ्यात ठेवलं होतं. भाऊ गाडीत बॅगा चढवत होता आणि माझ्या पोटात असा गोळा आला होता की घास घशाखाली उतरेना. आई शेजारी बसली. "दोन घास तरी खा गो. मी हाय ना बसलेली." तिच्याकडे बघत अर्धी भाकरी कशीबशी संपवली.

आमच्याकडे कुणी एकटं जेवत नाही. शेवटचा माणूस घरी येईपर्यंत कुणीतरी उपाशी थांबतंच. पनवेलला हॉस्पिटलात नर्स होते तेव्हा ड्युटीवरून उशिरा यायचे, तर आई ताटं मांडून बसलेली. मी चिडायचे. तेव्हा चिडायला माणूस तरी समोर होतं.

जर्मनीत आल्यावर किचनमध्ये उभ्याउभ्या ब्रेड खायला लागले. थोड्याच दिवसांत पोटाने संप पुकारला. जळजळ, मुरडा, भूक गायब. एंडोस्कोपी झाली, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट आणि मेंदू सतत एकमेकांना निरोप धाडत असतात. मन कुढलं की पोट बिघडतं, आणि बिघडलेलं पोट मनाला आणखी कुढवतं. मी नर्स, हे पेशंटना मीच समजावलेलं. आपल्यालाही लागू होतं, हे कुठे सुचतं! मग त्यांनी विचारलं, "जेवता कुणाबरोबर?" मला रडूच फुटलं.

तेव्हापासून रात्री व्हिडिओ कॉल लावून जेवू लागले. तिकडे आईही ताट घेऊन बसायची. मला वाटायचं, ती आधीच जेवलेली असणार, नुसती सोबत म्हणून घास मोडते. हळूहळू भूक परतली, झोप लागायला लागली. भाजीत मीठ किती घालावं यावरून तिच्याशी भांडणसुद्धा झालं. फार बरे दिवस होते ते.

एके दिवशी भावाचा फोन आला. "ताई, आई तुझ्यासाठी उपाशी ऱ्हाते. तुझं जेवान होईस्तवर इथं मध्यरात होते. पित्तानं पार हैरान झालीय, पन तुला सांगू देत नाय."

दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की शेजारी केरळची एक नर्स राहायला आली आहे, आता आम्ही दोघी एकत्रच जेवतो. "बरं झालं गो," ती म्हणाली. "माझा जीव भांड्यात पडला." आता ती वेळेवर जेवते. पित्तही गेलं म्हणे.

गावाकडच्यांनो, तिला भेटलात तर त्या नर्सचं नाव विचारू नका. घर म्हणजे मला आता एवढंच उरलंय, की तिथे आई पोटभर जेवून झोपली आहे. माझी जळजळ पुन्हा सुरू झाली आहे.