टाचणीची खिडकी

भाषेतून ‘चालेल’ हा शब्द हद्दपार करायचा ठराव कुणी मांडला, तर माझे दोन्ही हात वर. या एका शब्दाने माझ्या धाकट्या बहिणीचं जेवढं नुकसान केलं तेवढं तिच्या सासूनेही केलं नाही, आणि सासू काही कमी नव्हती.

बहिणीला आम्ही टाचणी म्हणतो. अंगाने तशीच, शिवाय ओठांत टाचण्या धरून काम करायची सवय. ती कपडे दुरुस्त करते. कुणाचा कोट उसवला, कुणाची पँट लांब झाली, कुणाच्या वाढत्या मुलाला गणवेश आखूड झाला, सगळं तिच्याकडे. दिवसभर ओठांत टाचण्या असल्या की काय होतं माहितेय? ‘मला’ म्हणता येत नाही. ‘मला’ म्हणायला ओठांवर ओठ टेकावे लागतात, आणि तिथे टाचण्या असतात. ‘चालेल’ मात्र दातांमागून बिनबोभाट निघून जातं. करून बघा. माझी बहीण उभा जन्म असंच बोलत आली.

तिचं घर दोन खोल्यांचं, एका छापखान्याच्या वर. बाहेरच्या खोलीत खिडकी आणि खिडकीला चिकटून तिची पायमशीन. ती खिडकी हेच तिचं दुकान. गिऱ्हाईक रस्त्यावरून हाक मारतं, ही दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते, कपडे वर येतात, निरोप खाली जातात. सगळ्या गल्लीची खबर त्या पिशवीतून वर येते. आणि उजेड. ती म्हणते, “ताई, दिव्याखाली काळा आणि गडद निळा दोरा सख्खे भाऊ दिसतात. बाहेर उन्हात गेले की वेगळे होतात, आणि शिव्या खाव्या लागतात.”

भाच्याचं लग्न झालं आणि दोन खोल्यांत चार माणसं एकमेकांच्या पायात यायला लागली. हे विकून मोठं घर घ्यायचं ठरलं. घ्यायलाच हवं होतं, त्यात वाद नाही. भाचा माझा हुशार, ऑफिसात सगळ्यांच्या बैठका घेतो. म्हणाला, “आधी प्रायॉरिटी ठरवू. न ठरवता घरं बघत फिरणं म्हणजे उपाशी पोटी बाजारात जाणं. नको ते घेऊन येतो माणूस.” अगदी बरोबर बोलला. माझा राग पद्धतीवर नाहीच. पद्धत उत्तम होती. त्या उत्तम पद्धतीने त्यांनी माझ्या बहिणीला कसं गुंडाळलं, त्यावर आहे.

रविवारी सगळे जमले. मलाही बोलावलं, बहुधा साक्षीदार म्हणून. भाच्याने टेबलावर वाट्या मांडल्या. एक पार्किंगची, एक लिफ्टची, एक ऑफिस जवळ असण्याची, एक गॅलरीची, एक पाहुण्यांच्या खोलीची. मग आपल्या आईचा बटणांचा डबा उघडून प्रत्येकाला मूठभर बटणं दिली. ज्याला जे जास्त हवं, त्या वाटीत जास्त बटणं टाकायची.

“आणि हिच्या कामाची वाटी कुठेय?” मी विचारलं.

“मावशी, आईला आता काम करायची गरजच काय? खूप केलं तिने. आता आराम.”

“तिला विचारलंस?”

“आई, चालेल ना तुला?”

“चालेल,” टाचणी म्हणाली. तेव्हा तर ओठांत टाचणीसुद्धा नव्हती!

मग तिने बटणं वाटली. नवऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून लिफ्टच्या वाटीत. मुलाची दगदग वाचावी म्हणून ऑफिसच्या वाटीत. सुनेला झाडांची हौस, म्हणून गॅलरीच्या. उरलेली पाहुण्यांच्या खोलीत, आणि पाहुणे म्हणजे सुनेचे आईवडील. मूठ रिकामी झाली. हात झटकून बसली. मला वाटलं उठावं आणि सगळ्या वाट्या टेबलावरून खाली पाडाव्यात.

भाचा मोजायला वाकला तेवढ्यात ती किंचाळली, “थांबा!”

सगळे दचकले. तिने लिफ्टच्या वाटीत हात घातला, एक मोठं तपकिरी बटण काढलं. मग पार्किंगमधून एक. मग गॅलरीतून दोन.

“अगं, मतं काय काढतेस!” मेहुणे ओरडले. “माझी लिफ्ट पडेल ना!”

“पडू दे. ही त्या वकिलाच्या कोटाची बटणं आहेत. अस्तर बदलायला काढून ठेवली होती डब्यात. अशी बटणं आता मिळत नाहीत. गिऱ्हाइकाच्या वस्तूशी खेळलेलं मला चालणार नाही.”

मला! चालणार नाही! दोन्ही शब्द स्वच्छ, खणखणीत. म्हणजे येत होते तिला.

मी तिला धरून स्वयंपाकघरात नेलं. “कोटासाठी तोंड उघडतं, स्वतःसाठी का नाही उघडत?”

“ताई, कोट दुसऱ्याचा आहे.”

“आणि तू कुणाची आहेस?”

तिने नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी परत धुवायला घेतली.

पुढच्या आठवड्यात वाट्यांच्या हुकमाने घर सापडलं. नवी इमारत, दोन लिफ्ट, फाटकावर पहारेकरी, गॅलरी एवढी की सुनेचं जंगल मावेल. दलाल गोड बोलणारा. सगळं दाखवून झाल्यावर त्याने स्वयंपाकघराला लागून असलेलं एक कोंदट स्टोअर उघडलं.

“आणि काकूंची मशीन इथे आरामात चालेल.”

“दार लावलं की खडखड बाहेर येणार नाही,” मेहुणे खूश होऊन म्हणाले. बायकोच्या कमाईची खडखड या माणसाला आजवर कधी टोचली नव्हती, हे इथे नमूद करते.

टाचणी आत जाऊन उभी राहिली. भिंतीवरून हात फिरवला. “खिडकी?”

“दिवा आहे ना काकू!” दलालाने बटण दाबलं. पांढराफटक उजेड पडला. त्यात ती आजारी दिसली.

“हं,” म्हणाली आणि बाहेर आली.

मी त्या घरात तोंड उघडलं नाही. जीभ चावून उभी राहिले. मी बोलले असते तर ते माझं भांडण झालं असतं, आणि माझी भांडणं सगळ्यांना पाठ आहेत. म्हातारी ओरडते, ओरडू दे, म्हणून सोडून देतात. पण घरी येऊन मी उशीवर बुक्के मारले. उगाच सभ्यपणाचं सोंग कशाला?

दोन दिवसांनी माझ्या नव्या कोटाची लांबी कमी करायला तिच्याकडे गेले. तिने मला स्टुलावर उभं केलं, स्वतः खाली बसली आणि कडेने टाचायला लागली. मी अर्धी टाचलेली, तिच्या ओठांत उरलेल्या टाचण्या. अशात भाचा आला. मागे मेहुणे आणि सून.

“आई, दलालाचा फोन होता. आजच हो म्हणायला हवं, दुसरं गिऱ्हाईक आहे. बाबांना चालेल, हिला चालेल, मला चालेल. तुला चालेल ना?”

रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, “टेलरबाई, झाली का हो माझी पँट?”

टाचणी खिडकीकडे बघत राहिली. मी स्टुलावर. हलले तर टोचणार, बोलले तर बिघडणार. असा छळ माझा कुणी केलेला नाही.

मग तिने ओठांतली एक टाचणी काढली आणि माझ्या कोटात खुपसली. दुसरी काढली. तिसरी काढताना मला टोचली. मी हूं की चूं केलं नाही. सगळ्या संपल्या. ओठांवर ओठ टेकले.

“मला ते घर चालणार नाही.”

“आत्ता?” मेहुणे म्हणाले. “अगं, वाट्या मांडल्या तेव्हा का नाही बोललीस?”

“तेव्हा माझी वाटीच नव्हती.”

“आई, तुझ्या आरामासाठीच तर—”

“मी कधी मागितला आराम? मला खिडकी हवी, रस्त्यावरची. गिऱ्हाइकाची हाक ऐकू येईल एवढ्या उंचीवर. तिथे तो पहारेकरी माझ्या गिऱ्हाइकाला फाटकातूनच परतवून लावेल. आणि त्या फडताळात मशीन चालेल म्हणालात. चालवणार कोण? तुम्ही चालवा!”

“माझ्या गुडघ्यांचा तरी विचार कर,” मेहुणे पुटपुटले.

“लिफ्ट घ्या. मी कुठे नको म्हणते? पण लिफ्टसाठी मी कपाटात बसणार नाही. आणि हे घर माझ्याही नावावर आहे. माझ्या सहीशिवाय विकून दाखवा.”

भाच्याने माझ्याकडे बघितलं. “हे मावशीने शिकवलंय.”

“मेल्या, मी शिकवलं असतं तर हिने हे तुझ्या जन्माआधी म्हटलं असतं!” मी स्टुलावरून ओरडले. किती वेळ जीभ धरणार?

तेवढ्यात सून म्हणाली, “आई, वाटी आणू?”

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी गप्प बसली असती. ही उठून उभी राहिली.

“आण,” टाचणी म्हणाली. “मोठी आण. आणि बटणं आधी मी घेणार.” मग खिडकीतून वाकून रस्त्याला सांगितलं, “थांबा हो, सोडते पिशवी!”

ते घर दुसऱ्याने घेतलं. यांचं अजून शोधणं चालू आहे. आता प्रत्येक ठिकाणी आधी ती आत शिरते, तडक खिडकीशी जाते, खाली वाकून रस्ता बघते. मेहुणे दलालांना सांगतात, “हिला घर नकोय हो, खिडकी विकत घ्यायचीय. जमलं तर भोवती खोल्या द्या.” विनोद म्हणून सांगतात. बोलणं मात्र शंभर टक्के खरं आहे.

माझा कोट अजून अर्धा टाचलेलाच पडलाय, तिला वेळ नाही. भाचा माझा फोन उचलत नाही. मेहुणे म्हणतात, ताईंनी भरल्या घरात काडी टाकली.

मला चालेल.